लहानपणी सायकल होती का?

"डिड यू हॅव अ बाइक व्हेन यू वर यंग?"

आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेच्या तोंडी भागात हा प्रश्न आला की आपल्याकडच्या उमेदवाराला हायसं वाटतं. जागतिक तापमानवाढ नाही, कृत्रिम बुद्धिमत्ता नाही, चक्क लहानपणीची सायकल! तो लगेच सुरू होतो. "येस, आय हॅड अ सायकल इन माय चाइल्डहुड. इट वॉज रेड कलर. माय फादर गिफ्टेड मी ऑन माय बर्थडे. आय वॉज गोइंग टु स्कूल डेली बाय सायकल. आय वॉज व्हेरी हॅपी." पाच वाक्यं झाली, समोरच्याला सगळं समजलं, उमेदवार समाधानाने खुर्चीत मागे टेकला. परीक्षकाच्या हाती मात्र गुण देण्याजोगं फारसं काही पडलेलं नसतं.

असं का होतं, ते कळायला परीक्षेची घडण थोडी माहीत हवी. आयेल्ट्स १९८९ साली सुरू झाली. ब्रिटिश कौन्सिल, आयडीपी आणि केंब्रिज अशा तिघांची ती मिळून आहे. तोंडी परीक्षा ११ ते १४ मिनिटांची आणि तीन भागांची. पहिल्या भागात चार-पाच मिनिटं ओळखीच्या विषयांवरचे छोटे प्रश्न असतात: घर, काम, खाणं, गाव, सायकल. दुसऱ्या भागात एक कार्ड हातात देतात, विचाराला एक मिनिट मिळतं आणि मग एक-दोन मिनिटं सलग बोलायचं. तिसऱ्या भागात त्याच विषयाला धरून जरा व्यापक चर्चा. हे आजचं रूप २००१पासूनचं. तेव्हापासून पहिल्या भागातले प्रश्न परीक्षकाला छापील मजकुराबरहुकूम विचारावे लागतात, म्हणजे पुण्याच्या उमेदवाराला आणि पेरूच्या उमेदवाराला सारखीच वागणूक मिळते. म्हणूनच समोरची बाई किंवा माणूस कधीकधी कोरडा वाटतो. तुमच्या सायकलची गोष्ट ऐकून त्याने "अरे वा" म्हटलं नाही, याचा गुणांशी काही संबंध नाही.

गुण चार गोष्टींना, सारख्या वजनाने मिळतात: बोलण्याचा ओघ आणि सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरणाचा पल्ला आणि अचूकपणा, आणि उच्चार. यात सायकल कुठेच नाही. ती लाल होती की निळी, नवी होती की जुनी, तुम्हाला ती आवडायची की तिचा राग यायचा, यावर एक शतांशही गुण नाही. उत्तर खरं आहे की खोटं, हेसुद्धा कोणी तपासत नाही. मग हा प्रश्न विचारतात कशाला? 'लहानपणी' या शब्दासाठी. बालपणाबद्दलचा कोणताही प्रश्न ही खरं तर क्रियापदांची परीक्षा असते. भूतकाळात जे नेहमी घडायचं, जे एकदाच घडलं आणि जे आज उरलं आहे, या तीन गोष्टी तुम्ही बोलताबोलता वेगळ्या ठेवू शकता का, एवढंच त्यातून दिसतं.

वरच्या उत्तरातलं चौथं वाक्य पुन्हा बघा: "आय वॉज गोइंग टु स्कूल डेली." आपल्याकडे हे इतकं सर्रास बोलतात की कानाला खटकतही नाही. पण इंग्रजी कानाला त्यातून अपुरी क्रिया ऐकू येते: मी शाळेत जात होतो, तेवढ्यात... तेवढ्यात काय झालं? ऐकणारा पुढच्या वाक्याची वाट बघत राहतो आणि ते येत नाही. रोजच्या सवयीला इंग्रजीत साधा भूतकाळ चालतो, किंवा त्याहून नेमकं हवं असेल तर 'यूस्ट टु'.

गंमत अशी की हा फरक मराठी माणसाला शिकवावा लागू नये. 'मी सायकलने शाळेत जायचो' आणि 'मी सायकलने शाळेत गेलो' यांत आपण जन्मात कधी गल्लत करत नाही. आजीसुद्धा 'आम्ही विहिरीवर पोहायचो' म्हणते आणि 'एकदा मी बुडाले होते' म्हणते. दोन्ही क्रियापदं आपापल्या जागी अचूक. जिथे जिथे मनात 'जायचो, खायचो, पडायचो' असं रूप येतं, तिथे तिथे इंग्रजीत 'यूस्ट टु' ठेवून बघा. 'गेलो, पडलो, फुटला' आलं की साधा भूतकाळ: 'वेन्ट', 'फेल', 'ब्रोक'. 'जात होतो, आणि तेवढ्यात' असं असेल तरच 'वॉज गोइंग'. एवढी एक जोडणी मनात पक्की झाली की बालपणाच्या प्रश्नांची निम्मी कसोटी तिथेच पार पडते. आणि हो, 'यूस्ट टु' आजच्या सवयीला लावू नका. "नाउअडेज आय यूस्ट टु गो टु जिम" हे वाक्य आपल्याकडे रोज ऐकू येतं. त्याचा ऐकणाऱ्याला लागणारा अर्थ असा की तुम्ही जिम सोडलंत.

एक उदाहरण घेऊ. समजा, कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका खेड्यातली परिचारिका आहे, तिला ब्रिटनमध्ये नोकरी करायची आहे. तिथल्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलला आयेल्ट्समध्ये वाचन, श्रवण आणि बोलणं यांत प्रत्येकी ७ लागतात, लेखनात ६.५ चालतात. बोलण्यात अर्धा बॅन्ड, म्हणजे अर्धा गुण, कमी पडला की पुन्हा पैसे भरा, पुन्हा तारीख घ्या. अशा बाईला सायकलचा प्रश्न आला. ती क्लासमध्ये पाठ केलेलं लाल सायकलचं उत्तर देऊ शकते. पण तिची खरी हकीकत, घरी भावंडांत बसून सांगितली तर, साधारण अशी निघेल: "माझी नव्हती गं, दादाची होती. केवढी मोठी! सीटवर बसलं की पाय पोचायचे नाहीत. मग दांडीखालून पाय घालून चालवायची. एकदा उतारावर ब्रेकच लागले नाहीत, थेट गोठ्याच्या भिंतीवर."

आता हेच इंग्रजीत, काहीही न सजवता:

"नॉट माय ओन, नो. इट वॉज माय ब्रदर्स, अँड इट वॉज फार टू बिग फॉर मी. आय कुडन्ट रीच द पेडल्स फ्रॉम द सीट, सो आय यूस्ट टु पुट वन लेग थ्रू द फ्रेम अँड राइड इट स्टँडिंग अप. वन्स, द ब्रेक्स फेल्ड ऑन अ स्लोप अँड आय रोड स्ट्रेट इंटु द काउशेड वॉल."

यात एकही अवघड शब्द नाही. तरी सवय आली, एकदाच घडलेला प्रसंग आला, 'जमत नव्हतं म्हणून' असा कार्यकारणाचा सांधा आला, 'फार टू बिग' असा नेमका शब्दगट आला. लाल सायकलच्या उत्तरातली पाच वाक्यं एकाशेजारी एक नुसती उभी होती. इथे प्रत्येक वाक्य आधीच्या वाक्यातून निघतं. परीक्षकाच्या भाषेत यालाच सुसंगती म्हणतात, आणि ती 'फर्स्टली', 'मोरओव्हर' लावून येत नाही. पहिल्या भागातल्या उत्तराला तर ते शब्द शोभतच नाहीत. गोठ्याच्या भिंतीची गोष्ट सांगताना कोण 'फर्दरमोअर' म्हणतं?

लांबीही बघून घ्या. चार वाक्यं. पहिल्या भागात दोन ते चार वाक्यांचं उत्तर पुरतं. नुसतं 'येस, आय डिड' म्हणून थांबणं जितकं वाईट, तितकंच दोन मिनिटं आत्मचरित्र सांगणंही. परीक्षकाला ठरलेल्या वेळात पुढचे प्रश्न विचारायचे असतात आणि तो तुम्हाला मधेच थांबवेल. थांबवलं तर खचून जाऊ नका. त्याने घड्याळ पाहिलेलं असतं, तुमची चूक नव्हे.

आता शब्दांकडे येऊ, कारण सायकल या विषयाची खरी श्रीमंती तिथे आहे आणि नेमकी तीच आपण वाया घालवतो. बहुतेकांना वाटतं, वरचा बॅन्ड हवा तर 'डाउन मेमरी लेन', 'ओव्हर द मून', 'वन्स इन अ ब्लू मून' असली वाक्प्रचारांची तोरणं बांधायला हवीत. माझं मत याच्या बरोबर उलट आहे. सातव्या बॅन्डच्या वर्णनात कमी वापरातले शब्द आणि शब्दांच्या नैसर्गिक जोड्या यांची अपेक्षा आहे, आणि त्या जोड्या सायकलच्या चेनमध्ये, टायरमध्ये, खरचटलेल्या गुडघ्यात पडलेल्या आहेत.

पहिली जोडी सर्वांत महत्त्वाची: सायकल 'ड्राइव्ह' करत नाहीत, 'राइड' करतात. मराठीत गाडीही चालवतात, सायकलही चालवतात आणि दुकानही चालवतात. इंग्रजीत प्रत्येकाला वेगळं क्रियापद. 'आय नो सायकलिंग' म्हणण्याऐवजी 'आय कॅन राइड अ बाइक'. आपली चेन पडते, त्यांची 'कम्स ऑफ' होते: "द चेन केप्ट कमिंग ऑफ." हे एक वाक्य नीट बोललात, तर ते दहा पाठ केलेल्या म्हणींपेक्षा भारी आहे, कारण 'सारखी पडायची' मधला 'सारखी' त्यातल्या 'केप्ट' मध्ये बसला आहे. टायरमध्ये हवा 'फिल' करण्यापेक्षा टायर 'पंप अप' करतात. पंक्चर 'होत' नाही, ते 'मिळतं': "आय गॉट अ पंक्चर." मग सायकल हातात धरून घरी आणली: "आय हॅड टु पुश इट ऑल द वे होम." बाबांनी मागून सीट धरली होती आणि न सांगता सोडून दिली, हा तर भारतात काय, जगभर घडणारा प्रसंग: "माय डॅड वॉज होल्डिंग द बॅक ऑफ द सीट, अँड देन ही लेट गो विदाउट टेलिंग मी." इथे 'वॉज होल्डिंग' अगदी बरोबर आहे; धरून ठेवलं होतं, तेवढ्यात सोडलं. तोल गेला, 'आय लॉस्ट माय बॅलन्स'. गुडघे खरचटले, 'आय स्क्रेप्ट माय नीज'. हात सोडून चालवायचो, 'वी यूस्ट टु राइड विथ नो हँड्स'.

डबलसीटचं काय करायचं? हा शब्द इंग्रजी दिसतो, पण लंडनच्या माणसाला तो कळेलच असं नाही. धाकट्या बहिणीला डबलसीट शाळेत सोडायचात, तर म्हणा, "आय यूस्ट टु टेक माय सिस्टर टु स्कूल ऑन द बॅक ऑफ माय बाइक." तसंच दांडीवर बसायचं असेल तर 'ऑन द क्रॉसबार'. 'बाइक' या शब्दाचाही एक घोटाळा आहे. आपल्याकडे बाइक म्हटलं की स्प्लेंडर किंवा पल्सर डोळ्यांपुढे येते, आणि काही उमेदवार खरोखर अठराव्या वर्षी मिळालेल्या मोटरसायकलबद्दल बोलू लागतात. बालपणाच्या प्रश्नात बाइक म्हणजे सायकलच समजा.

या तपशिलांना आपल्या गावाची माती लागली तर बिघडत नाही, उलट ओघ वाढतो. महाराष्ट्रात मानव विकास कार्यक्रमाखाली आठवी ते बारावीच्या कितीतरी मुलींना शाळा लांब आहे म्हणून सायकली मिळाल्या. अशी सायकल मिळालेल्या मुलीला उत्तर रचावं लागत नाही: "द गव्हर्नमेंट गेव्ह बाइक्स टु गर्ल्स हू लिव्ह्ड फार फ्रॉम स्कूल, सो दॅट्स हाउ आय गॉट माइन." 'हू लिव्ह्ड' या उपवाक्याने व्याकरणाचा पल्ला दिसला, तेही सहज. तासाच्या भाड्याने सायकल आणून मैदानात शिकलेल्यांकडे आणखी मजेदार साहित्य आहे. तास संपत आला की दुकानाकडे पळत सुटण्याची धांदल 'रश्ड बॅक बिफोर द आवर वॉज अप' या तुकड्यात मावते. लेडीबर्डवर शिकला असाल तर लेडीबर्ड म्हणा, हिरो रेंजर असेल तर रेंजर. परीक्षकाला ती माहीत नसेल. 'अ बाइक कॉल्ड' एवढं जोडलं की झालं.

खरं बोला असा माझा आग्रह आहे, पण तो नीतीचा नाही. डच मानसभाषावैज्ञानिक विलेम लेव्हेल्ट यांनी १९८९ साली, म्हणजे योगायोगाने आयेल्ट्सच्याच वर्षी, बोलण्याच्या प्रक्रियेवर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्या मांडणीत बोलणं तीन टप्प्यांत होतं: आधी काय सांगायचं ते ठरतं, मग त्याला शब्द आणि व्याकरण मिळतं, मग ते उच्चारलं जातं. मातृभाषेत दुसरा आणि तिसरा टप्पा जवळजवळ आपोआप होतात. परक्या भाषेत दुसऱ्या टप्प्यालाच सगळं लक्ष लागतं. अशा वेळी पहिला टप्पाही अवघड करून ठेवला, म्हणजे नसलेली सायकल, नसलेला वाढदिवस, नसलेली आनंदाची लहर जागेवर घडवू लागलात, तर ओझं दुप्पट होतं आणि वाक्य मधेच अडखळतं. आठवणीतली गोष्ट तयार असते. तिच्यापुरता पहिला टप्पा फुकट मिळतो.

पाठांतराचा प्रश्न याला लागूनच येतो. काही क्लासेस उत्तरांचे संच देतात आणि विद्यार्थी ते घोकतात. परीक्षकाच्या कानाला हे लगेच कळतं: आवाजाची पट्टी बदलते, वेग वाढतो, डोळे छताकडे जातात, आणि 'नाइन्थ स्टँडर्ड'चा उच्चार चुकवणारा मुलगा अचानक 'नॉस्टॅल्जिक रेमिनिसन्सेस' म्हणतो. पाठ केलेल्या भाषेला गुण देऊ नयेत, असंच परीक्षकांना सांगितलेलं असतं. सायकलचं पाठ केलेलं उत्तर तर अधिकच धोक्याचं, कारण त्यामागून लगेच पुढचा प्रश्न येतो: तुम्हाला सायकल चालवायला कोणी शिकवलं? अजून चालवता का? सायकलने प्रवास करणं तुम्हाला चांगलं वाटतं का? घोकलेल्या वाढदिवसाच्या लाल सायकलला या प्रश्नांची उत्तरं माहीत नसतात.

ज्यांच्याकडे सायकलच नव्हती, त्यांनी काय करावं? 'नो, आय डिडन्ट' म्हणावं आणि कारण सांगावं. मुंबईच्या चाळीत चौथ्या मजल्यावर सायकल ठेवायला जागा नव्हती; घाटातल्या गावात सायकल चढावर ढकलतच न्यावी लागली असती; घरात आधी दादाला आणि मग ताईला मिळाली आणि माझी पाळी आलीच नाही. "आय वॉज सपोज्ड टु गेट माय सिस्टर्स ओल्ड वन, बट इट गॉट स्टोलन बिफोर इट वॉज माय टर्न" या वाक्यात 'मिळणार होती, पण' हा भूतकाळातला हुकलेला भविष्यकाळ आहे, आणि तो सफाईने बोलणारा उमेदवार परीक्षकाच्या लक्षात राहतो. नकाराचं उत्तर कमी गुणांचं, हा गैरसमज कुठून पसरला कोण जाणे.

उच्चारांबद्दल थोडक्यात. मराठी ढंगाला गुण कापत नाहीत. समजण्यात अडथळा आला तर कापतात. 'बायसायकल' म्हणू नका; तो शब्द 'बायसिकल' आहे, जोर पहिल्या अक्षरावर. 'यूज्ड टु' मधला 'ज्ड' बोलताना 'स्ट' होतो, म्हणूनच मी वर सगळीकडे 'यूस्ट टु' लिहिलं. 'स्टॉपेड', 'लर्नेड' असं अक्षर वाढवण्याची सवय सोडा: 'स्टॉप्ट', 'लर्न्ड'. 'व्हील' म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला लागू देऊ नका, ओठ गोल करा. 'व्हेरी' म्हणताना मात्र लागू द्या. आपला 'व' या दोन्हींच्या मधला आहे, म्हणून आपल्याला फरक ऐकूच येत नाही. मोबाइलवर स्वतःचा आवाज मुद्रित करून ऐकला की येतो.

सरावाची एक पद्धत मला सगळ्यांत उपयोगाची वाटते. तिला ४-३-२ म्हणतात. १९८३ साली ती मांडली गेली आणि न्यूझीलंडचे भाषाध्यापन-संशोधक पॉल नेशन यांनी तिचा अभ्यास केला. एकच गोष्ट आधी चार मिनिटांत सांगायची, मग वेगळ्या श्रोत्याला तीन मिनिटांत, मग तिसऱ्याला दोन मिनिटांत. मजकूर तोच असल्याने डोकं शब्दांना मोकळं राहतं, वेळ घटत असल्याने चाचरण्याला जागा उरत नाही. पहिल्या भागासाठी मिनिटांऐवजी साठ, चाळीस आणि वीस सेकंद घ्या. श्रोता नसला तर भिंत चालते, पण नणंद, रूममेट, शेजारच्या काकू मिळाल्या तर उत्तम, कारण त्या मधेच विचारतात, "मग पुढे काय झालं?"

दुसऱ्या भागातल्या कार्डावरही सायकल आली, तर तिसऱ्या भागात ती तुमची राहत नाही, शहराची होते. शहरांनी सायकलींना उत्तेजन द्यावं का, असा प्रश्न आला की 'आय यूस्ट टु' संपलं आणि 'शुड', 'वुड', 'इफ' सुरू झालं. तिथेही ओळखीचं उदाहरण कामी येतं. पुणे एकेकाळी सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जायचं. २०१७-१८ मध्ये तिथे मोबाइलवरून भाड्याने घ्यायच्या सायकली आल्या आणि थोड्याच काळात रस्त्यांवरून दिसेनाशा झाल्या. "पीपल वुड राइड मोर इफ देअर वर सेफ लेन्स, बट राइट नाउ द लेन्स आर फुल ऑफ पार्क्ट स्कूटर्स" असं पुणेकर उमेदवाराने म्हटलं, तर परीक्षक पुढचा प्रश्न विचारेल: मग त्या स्कूटर तिथून हलवायच्या कोणी? त्याचं उत्तर कोणत्याही क्लासच्या संचात छापलेलं नाही, त्यामुळे तिथे तुम्हाला खरोखर विचार करून बोलावं लागतं.